दुसरी किल्ली कुठे ठेवली आहे?

सदर: पोटापाण्याच्या गोष्टी



न्यू जर्सीतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडं लहान करून देतो:

"आम्हा नवराबायकोचा मेडिकल बिलिंगचा छोटा धंदा आहे. एडिसनला पाच माणसं, पुण्यात नऊ. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे हाडांच्या डॉक्टरांचा एक ग्रुप. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना अकरा पानी प्रश्नावली पाठवली आहे आणि बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन मागितला आहे. नेटवरून चाळीस पानी नमुना उतरवून घेतला, नावं-पत्ते भरले. एकच रकाना राहिलाय: प्लॅनची शेवटची चाचणी कधी घेतली? अशी चाचणी आम्ही कधी घेतलेलीच नाही. काहीतरी तारीख टाकून देऊ का? सगळेच टाकतात म्हणे. हा क्लायंट गेला तर पुण्यातली चार माणसं तरी कमी करावी लागतील."

मी त्यांना परस्पर उत्तर देणार होतो. पण गेली अठरा वर्षं मी हेच काम करतोय आणि हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, चौदा माणसांच्या कंपनीतही आणि चौदा हजार माणसांच्याही. म्हणून म्हटलं सगळ्यांसमोरच बोलू. तारखेचं उत्तर खाली देतो. आधी चाचणी घ्यायची ती नेमकी कशाची, ते बघू.

बिझनेस कंटिन्युइटी हा शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा. काहीतरी अचानक बंद पडलं तर काम कसं चालू ठेवायचं आणि नंतर पूर्वपदावर कसं यायचं, एवढंच. आपल्याला हे नवीन नाही. लग्नाच्या हॉलवर "जनरेटर आहे ना?" असं विचारणारे मामा हेच करत असतात. फक्त अनुभवी मामा विचारून थांबत नाहीत, आदल्या दिवशी जाऊन तो चालू करून बघतात.

माझा अनुभव असा की बहुतेक धंद्यांकडे पर्याय असतो. बॅकअप असतो, जनरेटर असतो, दुसरं ऑफिस असतं. घोटाळा होतो तो असा की पर्यायही मूळ गोष्टीबरोबरच बुडतो. घराची दुसरी किल्ली करून घेतली आणि ती घरातल्याच ड्रॉवरमध्ये ठेवली, तसं. वाऱ्याने दार ओढलं गेलं, लॅच लागलं, की दोन्ही किल्ल्या आत आणि आपण चपला घालून बाहेर.

काही उदाहरणं देतो. सगळी जगजाहीर आहेत.

ऑक्टोबर २०१२ मधलं सँडी वादळ आपल्यापैकी पुष्कळांनी अंगावर घेतलंय. २९ तारखेच्या रात्री मॅनहॅटनच्या टोकाला समुद्राची पातळी जवळजवळ १४ फुटांवर गेली. पहिल्या अव्हेन्यूवरच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, म्हणजे पुरापासून अगदी सुरक्षित. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते! तळघर भरलं, पंप गेले. नॅशनल गार्डचे जवान आणि कर्मचारी अंधाऱ्या जिन्यातून हातोहात तेरा मजले डिझेल चढवत होते. शेवटी सातशेच्या आसपास पेशंट दुसरीकडे हलवावे लागले. तिकडे ७५ ब्रॉड स्ट्रीटवरच्या डेटा सेंटरची हीच गत. तिथे तर सतरा मजले बादल्यांनी डिझेल वाहिलं, आणि वाहणाऱ्यांत ज्यांच्या वेबसाइट तिथे होत्या त्या कंपन्यांची माणसंही होती. जनरेटर उंचावर ठेवणाऱ्याने पुराचा विचार केला होता, फक्त तो पंपापर्यंत पोचला नव्हता.

दुसरं उदाहरण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने त्यांचं जगभरचं नेटवर्क काही तासांत झोपवलं. आपल्या न्हावाशेव्याला त्यांच्याच ग्रुपचं टर्मिनल आहे, तेही अडकलं. कोण कर्मचारी, कुणाला कशाची परवानगी, ही सगळी माहिती ठेवणारे त्यांचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते. ते एकमेकांचे बॅकअप आहेत अशी कल्पना होती. एक गेला तर बाकीचे आहेतच. सगळे एकदम जातील हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि गेले सगळे एकदमच! वाचला एकच, घानामधला, आणि तोही का? तर व्हायरस आला तेव्हा तिथली वीज गेलेली होती म्हणून. पुढची गंमत आपल्या लोकांना जास्त कळेल. तो डेटा इंटरनेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून हार्ड डिस्कच इंग्लंडला न्यायचं ठरलं. पण घानाच्या ऑफिसात कुणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नाही. मग तिथला एक जण विमानाने नायजेरियाला गेला आणि विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात डिस्क दिली, तो ती घेऊन हीथ्रोला उतरला. त्यानंतर दहा दिवसांत त्यांनी चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्याने उभे केले. कौतुक करावं तेवढं थोडं. पण अब्जावधी डॉलरची कंपनी त्या दिवशी घानाच्या लोडशेडिंगवर तरली, हेही विसरू नये.

तिसरं उदाहरण पत्रलेखकांच्या धंद्यातलंच, त्यांना ठाऊक असणारच. २१ फेब्रुवारी २०२४ ला चेंज हेल्थकेअर या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या क्लेम क्लिअरिंगहाउसवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशभरच्या दवाखान्यांचे क्लेम कित्येक आठवडे तुंबले. मूळ कंपनी युनायटेडहेल्थचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी पुढे १ मे रोजी काँग्रेससमोर साक्ष दिली. २ कोटी २० लाख डॉलर खंडणी दिल्याचं त्यांनी मान्य केलं. हल्लेखोर ज्या दारातून आत आले तिथे पासवर्डशिवाय दुसरी खातरजमाच नव्हती, हेही सांगितलं. आणि आपल्या मुद्द्याचं म्हणजे, जुन्या बॅकअप यंत्रणाही त्याच हल्ल्यात कुलूपबंद झाल्या होत्या. पूर्वपदावर यायला एवढा वेळ लागण्यामागे हेच मोठं कारण. दोन्ही किल्ल्या ड्रॉवरमध्ये.

किल्ल्यांवरून आठवलं, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशिन बंद पाडली. दुरुस्ती सोपी होती, पण एनक्रिप्ट केलेल्या मशिनला रिकव्हरी की लागते, आणि काही कंपन्यांच्या त्या की ज्या सर्व्हरवर होत्या तो सर्व्हरच निळा पडदा दाखवत बसला होता.

आता पुण्याकडे वळू. "इथे काही झालं तर पुणे आहेच" हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. वादळ, बर्फ, वीज यांच्यासाठी ते अगदी बरोबर आहे. पण २४ मार्च २०२० आठवा. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि चार तासांनी लॉकडाऊन सुरू झाला. त्याच आठवड्यात न्यू जर्सीही घरी बसलं होतं. दोन्ही ऑफिसं एकाच वेळी बंद! पुण्यात लोक डेस्कटॉपवर काम करत होते, लॅपटॉप नव्हते. कित्येक कंपन्यांनी डेस्कटॉप टेम्पोत घालून माणसांच्या घरी पोचवले. पुष्कळ ठिकाणी कॉन्ट्रॅक्टमध्ये घरून काम करायची परवानगीच नव्हती, ती क्लायंटकडून मिळवण्यात दिवस गेले. बारा हजार किलोमीटरहून जास्त अंतरसुद्धा पुरलं नाही.

माणसांचंही तसंच. ११ सप्टेंबर २००१ ला कँटर फिट्झजेराल्डची न्यूयॉर्कमधली ६५८ माणसं गेली. रोखे बाजार १३ तारखेला उघडला तेव्हा ती कंपनी व्यवहार करत होती, कारण न्यू जर्सीत रोशेल पार्कला आणि लंडनला त्यांच्या यंत्रणेची दुसरी प्रत होती. पण फाइलींचे पासवर्ड गेलेल्या माणसांच्या डोक्यात होते. मायक्रोसॉफ्टची माणसं मदतीला आली आणि वाचलेल्या मंडळींनी घरच्यांना फोन करून लग्नाच्या तारखा, मुलांची नावं, कुत्र्यामांजरांची नावं विचारली, त्यातून पासवर्ड जुळवले. ज्यांचं माणूस आदल्या दिवशी गेलंय अशांना हे विचारायचं! मशिनची दुसरी प्रत ठेवणं सोपं असतं, माणसाला माहीत असलेल्या गोष्टीची प्रत आधीच काढून ठेवावी लागते.

आता चाचणी कशासाठी, ते बघा. जनरेटर तेराव्या मजल्यावर आहे हे कागदावर वाचून कुणीही मान डोलावेल. पंप तळघरात आहे हे मात्र कुणीतरी "बरं, डिझेल वर कसं येतं?" असं विचारून जिना उतरायला लागलं की कळतं. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने ३१ जानेवारी २०१७ ला थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्या वेळी एकही नीट उपयोगी पडली नाही. त्यातली एक तर आधीपासूनच अपयशी होत होती, आणि "बॅकअप झाला नाही" हे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत योगायोगाने सापडली, म्हणून सहा तासांवर निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. बॅकअप घेतला जातो हे महत्त्वाचं आहेच, पण त्यावरून परत उभं राहून बघितलंय का, हा खरा प्रश्न.

आणि चाचणीला कंटाळणाऱ्यांना मी रिक रेस्कोर्लांची गोष्ट सांगतो. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण टॉवरमध्ये मॉर्गन स्टॅन्लीच्या सुरक्षेचे ते प्रमुख होते. १९९३ च्या बाँबस्फोटानंतर त्यांनी इमारत रिकामी करायची कवायत सुरू केली. बडे ब्रोकर फोन सोडून जिना उतरायला कुरकुरायचे, हे ऐकायचे नाहीत. ११ सप्टेंबरला उत्तर टॉवरला विमान धडकलं. दक्षिण टॉवरच्या लोकांना जागेवरच थांबा अशी सूचना मिळत असताना यांनी आपल्या माणसांना खाली काढायला सुरुवात केली. सुमारे २७०० पैकी जवळजवळ सगळी वाचली. पायांना जिना माहीत होता. राहिलेल्यांना शोधायला रेस्कोर्ला परत वर गेले, ते आलेच नाहीत.

असो. आता चौदा माणसांच्या कंपनीने काय करायचं? तो चाळीस पानी नमुना बाजूला ठेवा. दोन पानं पुरतात.

१) यादी कामांची करा, मशिनची नको. क्लेम पाठवणं, आलेले पैसे नोंदवणं, नाकारलेल्या क्लेमवर अपील, डॉक्टरांचे फोन, आपला पगार. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा. हे किती वेळ बंद परवडेल? आणि मागचं किती काम गेलं तर पुन्हा करायची तयारी आहे? पहिल्याला आमच्या धंद्यात आर.टी.ओ. म्हणतात (लायसन्सवाला नव्हे, एजंट लागत नाही!) आणि दुसऱ्याला आर.पी.ओ. तुमच्या कामात हे आकडे सारखे नसणार. मेडिकेअरचा क्लेम पाठवायला सेवेच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, खासगी कंपन्यांची मुदत कॉन्ट्रॅक्टप्रमाणे आणि पुष्कळ कमी. म्हणजे आजचे क्लेम दोन दिवसांनी गेले तर आकाश कोसळणार नाही. पण एखाद्या अपिलाची मुदत आज संध्याकाळी संपत असेल तर ते काम यादीत सगळ्यात वर.

२) प्रत्येक कामाचा पर्याय लिहा आणि त्यापुढे विचारा: मूळ गोष्टीत आणि या पर्यायात काय सामाईक आहे? इमारत? वीज? पासवर्ड? पुरवठादार? माणूस? सामाईक असेल ते लाल पेनाने लिहा. बॅकअपची एक प्रत तरी अशी हवी की ती रोजच्या नेटवर्कला जोडलेली नाही आणि रोजच्या पासवर्डने उघडत नाही. दुसऱ्या क्लिअरिंगहाउसशी नुसती ओळख असून भागत नाही. त्यांच्यामार्फत क्लेम पाठवायला आणि पेमेंटची माहिती मिळवायला आधी इन्शुरन्स कंपन्यांकडे नोंदणी लागते, त्यात दिवस जातात, कधी आठवडे. ती आत्ताच करून ठेवा.

३) मग कवायत. शनिवारी सकाळी नऊ वाजता, उन्हाळ्यात पुण्यात साडेसहा वाजलेले असतात. चहा घ्या आणि प्रसंग ठरवा: "आज सोमवार आहे असं समजू. एडिसनचा सर्व्हर उघडत नाही, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आहे." नियम तीनच. पहिला, कंपनीचा कॉम्प्युटर आणि कंपनीचा ईमेल वापरायचा नाही. माझ्या एका क्लायंटकडे पहिल्या कवायतीत निघालं की प्लॅनची एकमेव प्रत जो सर्व्हर बंद पडला असं मानायचं होतं त्याच सर्व्हरवर होती. फोन नंबरांच्या यादीतले दोघे तर नोकरी सोडून गेलेले. म्हणून प्लॅन आणि नंबर कागदावर, प्रत्येकाच्या घरी. दुसरा, ज्याला सगळं येतं त्याने तोंड उघडायचं नाही. पत्रावरून वाटतं की तुमच्याकडे पेमेंटपासून पासवर्डपर्यंत सगळं वहिनींना माहीत आहे. तर वहिनींनी फक्त बसायचं आणि लोक कुठे अडतात ते वहीत लिहायचं. कठीण आहे, पण त्या वहीतूनच खरा प्लॅन तयार होतो. तिसरा, बॅकअपवरून निदान एका डॉक्टरचं एका महिन्याचं काम दुसऱ्या, स्वच्छ मशिनवर प्रत्यक्ष उतरवून बघायचं आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहायचं. वर चार तास लिहिले असतील आणि लागले एकोणीस, तर आकडा बदला किंवा पद्धत बदला.

दोन तासांत हे होतं. शेवटची पंधरा मिनिटं "काय जमलं नाही" याच्यासाठी. प्रत्येक न जमलेल्या गोष्टीपुढे एक नाव आणि एक तारीख.

आता त्या रकान्याचं. खोटी तारीख टाकू नका. एक तर तुम्ही हिपाच्या भाषेत बिझनेस असोसिएट आहात. बॅकअपची, पुन्हा उभारणीची आणि अडचणीच्या काळात काम चालवायची योजना तुमच्याकडे असणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे, क्लायंट काही जास्तीचं मागत नाहीये. उद्या खरंच काही झालं तर सगळ्यांत आधी हीच प्रश्नावली बाहेर काढली जाईल, आणि मग भानगड नुसत्या बंद पडलेल्या सर्व्हरची राहणार नाही. दुसरं म्हणजे अशा प्रश्नावल्या पलीकडच्या बाजूने मी स्वतः वाचतो. "चाचणी घेतली, सर्व यशस्वी" असं दिसलं की मी पुढचा प्रश्न विचारतोच: काय बिघडलं ते सांगा. पहिल्या चाचणीत काही बिघडलंच नाही असं मी आजवर पाहिलेलं नाही. उलट "या शनिवारी पहिली चाचणी घेतली, पाच गोष्टी अडल्या, तीन दुरुस्त केल्या, दोन महिनाअखेर" असं लिहिणाऱ्या छोट्या कंपनीवर माझा विश्वास बसतो. म्हणून क्लायंटला एक आठवडा मागून घ्या, शनिवारी बसा आणि त्या शनिवारची तारीख टाका. पुण्यातल्या चार जणांची काळजी तुम्हाला आहे हे पत्रातून दिसतंच. त्यांच्या नोकरीला खरा आधार त्या दोन तासांचा आहे.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. "बिझनेस इंटरप्शन पॉलिसी आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. अशा पॉलिसीत बहुधा मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान व्हावं लागतं आणि सुरुवातीचे काही तास, पुष्कळदा ७२, धरले जात नाहीत. कोव्हिडमध्ये अमेरिकेतल्या बहुसंख्य धंद्यांचे दावे कोर्टात याच मुद्द्यावर फेटाळले गेले. ब्रिटनमध्ये शब्दरचना वेगळी होती. तिथे सुप्रीम कोर्टाने १५ जानेवारी २०२१ ला बऱ्याच अंशी धंदेवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा पॉलिसीतले शब्द वाचा, आणि "माझ्या पुरवठादाराकडे सायबर हल्ला झाला आणि माझं उत्पन्न थांबलं तर पैसे मिळतील का?" हा प्रश्न एजंटला लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या.

ज्यांचा स्वतःचा धंदा नाही त्यांनीही आपापल्या टीममध्ये एक गोष्ट करून बघावी. उद्या आपण दोन आठवडे कुणाला सापडलो नाही, तर कुठलं काम अडेल? ते एका पानावर लिहून शेजारच्या सहकाऱ्याकडून एकदा करून घ्या. "माझ्याशिवाय चालत नाही" हे ऐकायला बरं वाटतं, पण भारतात घरी काही अचानक झालं आणि रात्रीच्या विमानाने निघावं लागलं, की तेच गळ्याशी येतं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी हे अनुभवलंय.

पुढच्या खेपेला याच विषयाचा दुसरा भाग घेईन म्हणतो: एखादा पुरवठादारच बुडाला तर कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठलं कलम आधीपासून असावं. दुबई-मस्कतकडच्या मंडळींनी एप्रिल २०२४ च्या पावसात त्यांच्या ऑफिसांत काय चाललं आणि काय अडलं ते जरूर लिहून कळवावं. पत्रलेखकांनीही शनिवारी वहिनींच्या वहीत काय काय निघालं ते कळवावं, नावगाव गाळूनच छापू.